पुंछच्या धावपट्टीवरचे बाबा

बँकेत मी पेन्शनच्या टेबलावर बसत असे तेव्हाची गोष्ट. साल १९८४ किंवा ८५ असावे. पुण्याच्या आमच्या शाखेत महिन्याच्या पहिल्या आठवड्यात हवाई दलातून निवृत्त झालेले एक गृहस्थ यायचे. रांग संपेपर्यंत बाकावर बसून राहायचे आणि गर्दी ओसरली की माझ्यासमोरच्या खुर्चीत येऊन टेकायचे. तरुणपणी त्यांनी डाकोटा विमानांची इंजिने हाताळली होती. बोलण्यात सारखे बाबा. बाबांनी पुंछला विमान उतरवले, बाबा लेहला जाऊन आले. मी आपला समजत होतो, वडिलांबद्दल बोलताहेत. तुमचे घराणेच वैमानिकांचे दिसते, असे मी एकदा म्हणूनही गेलो. त्यावर ते इतके हसले की कॅशियरने जाळीतून मान बाहेर काढली.

बाबा म्हणजे एअर कमोडोर मेहरसिंग. ज्या दिवसांत हे नाव त्यांना चिकटले होते त्या दिवसांत त्यांचे वय तेहतिशीच्या आसपास होते! इतक्या कोवळ्या वयाच्या माणसाला शेकडो माणसे बाबा म्हणतात, ही गोष्ट माझ्या मनात रुतून बसली आणि त्यानंतर मिळेल ते वाचत गेलो.

जन्म २० मार्च १९१५ चा, लायलपूरचा. म्हणजे आजच्या पाकिस्तानातल्या फैसलाबादचा. इंग्लंडमधल्या क्रॅनवेलच्या कॉलेजात शिकून १९३६ मध्ये ते अधिकारी झाले. त्या वेळी भारतीय हवाई दल म्हणजे अवघी एक स्क्वाड्रन, आणि तिच्याकडे कापडी पंखांची वापिटी विमाने. वझिरीस्तानच्या डोंगरात टोळीवाल्यांच्या गोळ्यांनी मेहरसिंगांचे विमान खाली आले. बरोबर गुलाम अली नावाचा गनर होता. दोघेही रात्रीच्या काळोखात, शोधायला निघालेल्या टोळीवाल्यांना चुकवत, लष्कराच्या ठाण्यावर पोहोचले. एक शीख, एक मुसलमान, आणि सरकार इंग्रजांचे. पुढे जे घडायचे होते त्याची कल्पना त्या रात्री दोघांनाही नसणार.

१ डिसेंबर १९४२ रोजी त्रिचनापल्लीला सहावी स्क्वाड्रन उभी राहिली आणि तिची सूत्रे मेहरसिंगांकडे आली. ब्रह्मदेशाच्या आघाडीवर हरिकेन विमानांतून शत्रूच्या हालचाली टिपायच्या, हे तिचे काम. १९४४ मध्ये त्यांना डीएसओ मिळाला. दुसऱ्या महायुद्धात हा सन्मान मिळालेले भारतीय हवाई दलातले ते एकटेच.

पण आमच्या पेन्शनरांना या साऱ्याचे अप्रूप नव्हते. लढाऊ विमानांच्या गोष्टी सगळेच सांगतात, असे त्यांचे मत. त्यांचा जीव डाकोटांत. आणि खरे सांगायचे तर माझाही. लढाऊ विमान ही घोड्यावरच्या स्वाराची गोष्ट; डाकोटा म्हणजे मालगाडी. पीठ, मीठ, दारूगोळा, जखमी, बायकापोरे, जे असेल ते उचलायचे आणि निघायचे.

आपली पहिली वाहतूक स्क्वाड्रन म्हणजे बारावी. १९४५ च्या डिसेंबरात कोहाटला ती जन्मली ती स्पिटफायर या लढाऊ विमानांवर. वर्षभरात तिच्या हाती डाकोटा आली. फाळणीनंतर ती आपल्या वाट्याला राहिली. २७ ऑक्टोबर १९४७ रोजी तिच्याच डाकोटा पहाटे दिल्लीहून पहिल्या शीख पलटणीचे जवान घेऊन श्रीनगरला उतरल्या. विमानतळ आपल्या ताब्यात आहे की हल्लेखोरांच्या, याची खात्री नसताना. पलटणीचे प्रमुख लेफ्टनंट कर्नल रणजित राय त्याच दिवशी धारातीर्थी पडले. नागरी कंपन्यांच्या डाकोटाही मदतीला धावल्या. काश्मीरच्या मोहिमेतल्या हवाई दलाच्या कामगिरीची धुरा होती मेहरसिंगांच्या खांद्यावर.

पुंछचा प्रसंग मला सर्वांत विलक्षण वाटतो. गावाला वेढा पडलेला. आत ब्रिगेडियर प्रीतमसिंगांची शिबंदी आणि चाळीस हजारांच्या घरात निर्वासित. रस्ता बंद. सैनिक आणि निर्वासितांनी मिळून हातांनी जेमतेम सहाशे यार्डांची पट्टी सपाट केली. डोंगरांच्या कुशीत, ओढ्यानाल्यांच्या बेचक्यात, समोरच्या टेकड्यांवरून दिसेल अशी. तिथे डाकोटा उतरेल असे पुस्तकी हिशेब सांगत नव्हते. मेहरसिंगांनी पहिले विमान स्वतः नेले आणि उतरवून दाखवले. मग बाकीच्यांची रीघ लागली. दिवसा तोफा आग ओकू लागल्या तसे वैमानिक रात्री, पट्टीच्या कडेला ठेवलेल्या कंदिलांच्या उजेडात उतरू लागले. जाताना पंचवीस पौंडी तोफा पोटात, येताना जखमी आणि निर्वासित. वेढा पूर्ण उठायला १९४८ चा नोव्हेंबर उजाडला. वर्षभर एक गाव विमानाच्या दोरीला लटकून जगले.

एवढ्यावर भागत नव्हते म्हणून याच मालवाहू विमानांतून बॉम्बही टाकले गेले. उघड्या दारातून हातांनी ढकलून! आमचे पेन्शनर हे सांगताना पेपरवेट टेबलाच्या कडेपर्यंत लोटत नेत आणि शेवटच्या क्षणी तळव्यात झेलत.

आता लेह. १९४८ च्या उन्हाळ्यात स्कर्दूकडून येणाऱ्या हल्लेखोरांपुढे लेह जवळजवळ उघडे होते. मेजर पृथीचंद हिवाळ्यात मूठभर लाहौली जवानांसह बर्फातला झोजी ला ओलांडून तिथे पोहोचले होते. सोनम नोर्बू या लडाखी इंजिनिअराने सिंधूकाठच्या रेताडात धावपट्टी आखून घेतली. समुद्रसपाटीपासून साडेदहा हजार फुटांच्या वर. २४ मे रोजी मेहरसिंग डाकोटा घेऊन निघाले. शेजारी मेजर जनरल थिमय्या. केबिनमध्ये हवेचा दाब राखण्याची सोय नाही, पंखांवरचे बर्फ झटकण्याची नाही, त्या वाटेने याआधी कुणी विमान नेलेले नाही. डाकोटाला झेपेल तेवढ्या उंचीच्या अगदी काठाकाठाने ते गेले आणि सुखरूप उतरले. पुढच्या दिवसांत गुरखा जवान याच वाटेने आले आणि लेह वाचले. लेहच्या लोकांनी विमानापुढे गवताची पेंढी आणून ठेवली, अशी एक आख्यायिका आवडीने सांगतात. मला ती पटत नाही. ज्यांनी धावपट्टी खणली त्यांना विमान काय खाते हे कळत नसेल?

मात्र एक गोष्ट आख्यायिका नाही, आणि ती वाचून मी पुस्तक मिटून बराच वेळ बसलो होतो. ब्रह्मदेशात मेहरसिंगांनी घडवलेली ती सहावी स्क्वाड्रन १९४७ मध्ये डाकोटांवर आली आणि वाटणीत पाकिस्तानला गेली. म्हणजे इकडे बाबा पुंछला रसद नेत होते तेव्हा डोंगरापलीकडे त्यांच्याच जुन्या स्क्वाड्रनच्या डाकोटा गिलगिट-स्कर्दूच्या सैन्याला रसद टाकत होत्या. त्याच अरुंद दऱ्या, तेच विमान, तीच जोखीम. १९४८ च्या नोव्हेंबरात आपल्या टेंपेस्ट विमानांनी त्यांच्या एका डाकोटाला गाठले. मुख्तार अहमद डोगर हा वैमानिक उतरायला तयार झाला नाही. एक साथीदार गमावून, दरीत खोल घुसून निसटला. पाकिस्तानने त्याला गौरवले. आपली नवी सहावी स्क्वाड्रन १९५१ मध्ये आमच्या पुण्यात लिबरेटर विमानांवर उभी राहिली, हे त्या वाचनातच कळले.

मी आयुष्यभर कर्जाची प्रकरणे तपासली. तारण काय, जामीन कोण, बुडाले तर उत्तर कोण देणार, हे विचारण्याचा पगार घेतला. त्या नजरेने पाहिले तर पुंछचे आणि लेहचे प्रकरण मी मंजूर केले नसते. एका डिव्हिजनचा जनरल आणि हवाई दलाचा ग्रुप सांभाळणारा अधिकारी, दोघे एकाच विमानात? हा आक्षेप चुकीचा होता असे मला आजही म्हणवत नाही. विमान कोसळले असते तर त्याला बेफिकिरी म्हटले गेले असते. पण आधी दुसऱ्याला पाठवून नंतर स्वतः जाणारे साहेब मी पुष्कळ पाहिले. उलट क्रमाने करणारा माझ्या वाट्याला एकही आला नाही.

मेहरसिंगांना महावीरचक्र मिळाले. आणि लेहच्या उड्डाणानंतर चारच महिन्यांनी, १९४८ च्या सप्टेंबरात, त्यांनी राजीनामा दिला. वरिष्ठांशी मतभेद, एवढेच कारण सांगितले जाते. पुंछचा वेढा तेव्हा अजून उठायचा होता. एकदा मी स्वतःच्या अधिकारात एका गरजूचे काम तातडीने केले होते. पैसे वेळेवर परत आले तरी खुलासा मागणारे पत्र आलेच. त्या रात्री मीही राजीनाम्याचा मसुदा लिहिला होता. घरात लहान मुले होती. सकाळी फाडून टाकला. तेव्हापासून बाबांच्या राजीनाम्याकडे मला तटस्थपणे पाहता येत नाही.

पुढे ते पतियाळाच्या महाराजांकडे सल्लागार म्हणून राहिले. १९५२ च्या मार्चमध्ये जम्मूहून दिल्लीला येताना रात्रीच्या वादळात विमान कोसळले आणि ते गेले. वयाची सदतीस वर्षेही पुरी झाली नव्हती. २०१८ मध्ये हवाई दलाने ड्रोनच्या थव्यांची एक स्पर्धा सुरू केली, तिला मेहेर बाबांचे नाव दिले. आमच्या पेन्शनरांना हे कळले असते तर त्यांनी विचारले असते की ड्रोन पीठ किती नेते.

बाबांनी नोकरी का सोडली, हे मी त्यांना एकदाच विचारले. ते गप्प झाले. मग पासबुक पुढे सरकवून म्हणाले की मागच्या महिन्याच्या व्याजाची नोंद राहिली आहे, तेवढी करून द्या. मी खातेवही मागवली. नोंद खरेच राहिली होती.