बोटांनी हृदय ऐकणाऱ्या डॉ. टॉसिग

जन्मजात हृदयदोषामुळे ओठ आणि नखे निळी पडलेल्या बालकांवर १९४४ पूर्वी परिणामकारक उपचार नव्हता. हे चित्र पालटण्यात मोठा वाटा असलेल्या डॉ. हेलन टॉसिग यांचा जन्म २४ मे १८९८ रोजी अमेरिकेतील केंब्रिज येथे झाला. अकराव्या वर्षी मातृछत्र हरपले. हार्वर्डच्या वैद्यकीय महाविद्यालयात तेव्हा स्त्रियांना पदवी मिळत नसे. म्हणून त्यांनी बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधून १९२७ मध्ये पदवी घेतली आणि १९३० मध्ये तेथील बालहृदयरोग विभागाची सूत्रे स्वीकारली.

पुढे त्यांची श्रवणशक्ती क्षीण झाली. तेव्हा बालकांच्या छातीवर बोटे ठेवून त्या हृदयाची गती जाणू लागल्या. फुप्फुसांना रक्त कमी पडल्याने ही बालके निळी पडतात आणि गर्भावस्थेतील एक रक्तवाहिनी उघडी राहिल्यास तग धरतात, हे त्यांनी हेरले. तशीच वाट शस्त्रक्रियेने तयार करण्याची कल्पना त्यांनी शल्यविशारद आल्फ्रेड ब्लॅलॉक यांच्यापुढे मांडली. व्हिव्हियन थॉमस या कृष्णवर्णीय तंत्रज्ञाने प्रयोगशाळेत कुत्र्यांवर ती पद्धत विकसित केली. मात्र त्यांचे श्रेय दीर्घकाळ उपेक्षित राहिले. २९ नोव्हेंबर १९४४ रोजी पंधरा महिन्यांच्या मुलीवर पहिली शस्त्रक्रिया झाली. ती मुलगी काही महिन्यांनी दगावली. पण नंतर हजारो बालकांना जीवदान मिळाले.

१९५९ मध्ये त्या प्राध्यापक झाल्या. थॅलिडोमाइड या औषधामुळे होणारी जन्मजात व्यंगे त्यांनी १९६२ मध्ये जर्मनीत जाऊन पाहिली आणि मायदेशी धोक्याचा इशारा दिला. २० मे १९८६ रोजी मोटार अपघातात त्यांचे निधन झाले.