नियमाआधी आचरण : नामदार गोपाळ कृष्ण गोखले

संस्था द्रव्यबळावर उभी राहते, असे सामान्यतः मानले जाते. ती टिकते मात्र तिच्या सेवकांनी स्वतःवर घालून घेतलेल्या बंधनांमुळे. नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांचे चरित्र या दृष्टीने अभ्यासण्याजोगे आहे.

गोखले यांचा जन्म ९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक येथे झाला. पितृछत्र हरपल्यावर वडील बंधू गोविंदराव यांनी शिक्षण सोडून दरमहा १५ रुपयांची नोकरी पत्करली आणि त्यांतील ८ रुपये ते धाकट्या भावाच्या शिक्षणासाठी पाठवीत. १८८४ साली मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून पदवी मिळाल्यावर अर्थप्राप्तीचे अन्य मार्ग मोकळे असताही गोखले यांनी पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिक्षकी स्वीकारली. १८८६ साली ते डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य झाले. दरमहा ७५ रुपये वेतनावर वीस वर्षे सेवा, हा तेथील करार होता.

याच संस्थेत आचारनियमांचा प्रश्न तीव्रतेने उपस्थित झाला. आजीव सदस्याने आपला सर्व वेळ संस्थेलाच द्यावा, बाहेर अर्थार्जन करू नये, असा लोकमान्य टिळकांचा आग्रह होता. गोखले यांनी सार्वजनिक सभेचे चिटणीसपद स्वीकारल्याने मतभेद वाढला व १८९० साली टिळक सोसायटीतून बाहेर पडले. दोन्ही पक्ष निःस्वार्थी होते. परंतु नियमाची मर्यादा आरंभीच स्पष्ट नसली तर सज्जनांतही दुरावा येतो, हे त्या प्रसंगाने दाखवून दिले.

१८९७ साली गोखले यांची दुसरी कसोटी लागली. पुण्यातील प्लेगच्या बंदोबस्तात सैनिकांनी स्त्रियांवर अत्याचार केल्याचे वृत्त पत्रांद्वारे आल्यावरून त्यांनी ते इंग्लंडमध्ये प्रसिद्ध केले. स्वदेशी परतल्यावर पुरावा मिळेना. तेव्हा माहिती देणाऱ्यांची नावे उघड न करता त्यांनी सर्व दोष स्वतःकडे घेतला आणि जाहीर क्षमा मागितली. त्यामुळे स्वकीयांचा रोषही त्यांनी ओढवून घेतला. परंतु सिद्ध न होणारे विधान धरून ठेवणे त्यांना मान्य नव्हते.

१९०२ साली अध्यापनातून निवृत्त झाल्यावर, १२ जून १९०५ रोजी त्यांनी पुण्यात सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटी स्थापन केली. द्रविड, देवधर व पटवर्धन हे तीन सहकारी त्यांच्यासमवेत होते. प्रत्येक सदस्याला सात प्रतिज्ञा घ्याव्या लागत. देशहिताला प्रथम स्थान द्यावे. सेवेतून वैयक्तिक लाभ शोधू नये. सर्व भारतीयांना जातिधर्मभेद न मानता बंधू समजावे. संस्था देईल त्या निर्वाहात कुटुंबासह समाधान मानावे व स्वतःसाठी द्रव्य मिळवू नये. चारित्र्य शुद्ध राखावे. कोणाशी वैयक्तिक कलह करू नये. आणि संस्थेच्या ध्येयास बाध येईल असे काही करू नये. ज्या प्रश्नावरून पंधरा वर्षांपूर्वी जुन्या संस्थेत तडा गेला होता, त्याचे उत्तर येथे आरंभीच लिहून ठेवलेले होते. पहिली प्रतिज्ञा घेणारे स्वतः गोखलेच होते. १९१४ साली सरकारने देऊ केलेला सर किताबही त्यांनी नाकारला.

गांधीजी या संस्थेत यावेत, अशी त्यांची मनापासून इच्छा होती. परंतु सदस्यांना विचारभेदामुळे संकोच वाटत होता, आणि संस्थापकाने आपल्या अधिकारात तो निर्णय त्यांच्यावर लादला नाही. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी, वयाच्या अवघ्या ४८ व्या वर्षी, गोखले निवर्तले. त्यानंतर गांधीजींनी आपला अर्ज स्वतःच मागे घेतला.

देवस्थान असो वा विद्यालय, लोकांच्या विश्वासावर चालणाऱ्या प्रत्येक संस्थेला नियमावली असते. ती पाळण्याचा पहिला भार तिच्या धुरीणांवर असतो, आणि तो भार गोखले यांनी आधी स्वतःच्या खांद्यावर घेतला. महाजनबंधूंनी या पुण्यपुरुषाच्या चरित्रातून एवढा एक धडा घेतला, तरी त्यांच्या स्मरणाचे सार्थक होईल.