जे येऊ शकले नाहीत, त्यांची मोजणी

रमजानच्या रात्री इशाची नमाज झाली की मशिदींमध्ये तरावीहची नमाज सुरू होते. एका इमामामागे सारे रांगेने उभे राहतात आणि महिनाभर कुरआनचे पठण ऐकतात. प्रेषित मुहम्मद (स.) यांच्यानंतरच्या काळात मदिनेतले लोक ही नमाज कुणी एकट्याने, तर कुणी लहान लहान गटांत अदा करीत. त्या सर्वांना उबई बिन काअब या उत्तम पठण करणाऱ्या सहाबींच्या मागे एकत्र उभे केले ते दुसरे खलिफा हजरत उमर (रजि.) यांनी.

रात्रीशी त्यांचे आणखी एक नाते होते. मदिना झोपी गेली की हे खलिफा गस्तीला निघत. सोबत कधी त्यांचा सेवक असलम असे, कधी एखादा जुना सहकारी. चोराचिलटांवर नजर ठेवणे हा गस्तीचा एक भाग झाला. कुणाची चूल पेटलेली नाही, कुणाचे मूल रडते आहे, वेशीबाहेर कोण उपाशी उतरले आहे, हे पाहणे हा दुसरा भाग. या दुसऱ्या भागामुळेच चौदाशे वर्षांनंतरही त्यांचे नाव गरिबांच्या तोंडी आहे.

हजरत उमर यांचा जन्म मक्केत कुरैश टोळीच्या बनू अदी घराण्यात झाला. वडील खत्ताब अतिशय करडे. लहानपणी उमर यांनी वडिलांचे उंट चारले, बोलणी खाल्ली, मारही खाल्ला. पुढे व्यापार केला. मक्केत ज्या मोजक्या लोकांना लिहिता-वाचता येत होते, त्यांत ते एक होते. अंगाने धिप्पाड, स्वभावाने तापट. इस्लामचे ते सुरुवातीला कट्टर विरोधक होते आणि प्रेषितांच्या जिवावर उठून तलवार घेऊन निघाले होते, असे चरित्रकार सांगतात. वाटेत बहिणीच्या घरी कुरआनच्या ओळी कानी पडल्या आणि त्यांचे मन पालटले. हे साधारण इ.स. ६१६ मधले. त्यानंतर प्रेषितांच्या अखेरपर्यंत ते त्यांच्या निकटच्या सोबत्यांपैकी एक राहिले.

सेवेचा एक धडा त्यांना पहिले खलिफा हजरत अबू बकर (रजि.) यांच्याकडून मिळाला. मदिनेच्या कडेला एक अंध म्हातारी राहत असे. उमर तिचे पाणी भरायला, झाडलोट करायला जात. पण अनेकदा ते पोहोचण्यापूर्वीच कुणीतरी सारे काम उरकून गेलेले असे. एके दिवशी पाळत ठेवल्यावर कळले की, येणारे गृहस्थ खुद्द खलिफा अबू बकर आहेत.

इ.स. ६३४ मध्ये खिलाफतीची जबाबदारी उमर यांच्यावर आली. पुढच्या दहा वर्षांत शाम, इराक, इराणचा मोठा भाग आणि इजिप्त मदिनेच्या अमलाखाली आले. सार्वजनिक तिजोरीत, म्हणजे बैतुलमालमध्ये, संपत्तीचा ओघ सुरू झाला. उमर यांनी नोंदवही सुरू केली, तिला दिवाण म्हणत. त्यात लोकांची नावे टोळीवार लिहिली गेली आणि त्यानुसार वार्षिक वेतन ठरले. मदिनेत त्यांनी पिठाचे एक कोठार उभारले. त्यात पीठ, सातू, खजूर, मनुका ठेवलेले असत. वाटेत अडकलेल्या प्रवाशाला तिथून शिधा मिळे.

कोठार भरलेले, वही लिहिलेली. तरीही लोक उपाशी राहतात, हे त्यांना गस्तीत समजले.

एका रात्री असलमबरोबर ते गावाबाहेर दूरवर गेले होते. थंडी कडाक्याची होती. लांब एक शेकोटी दिसली. जवळ गेल्यावर पाहतात तो एक बाई चुलीवर भांडे ठेवून बसली आहे आणि भोवती मुले रडत आहेत. विचारपूस केल्यावर समजले की, भांड्यात नुसते पाणी आहे. स्वयंपाक होतो आहे असे वाटून मुले झोपी जावीत, एवढाच तिचा उपाय. समोर कोण उभे आहे हे तिला ठाऊक नव्हते. तिने खलिफांना बोल लावला आणि याचा न्याय अल्लाहच करील असे म्हणाली. उमर यांनी विचारले की, तुमची अवस्था त्या बिचाऱ्याला कळणार कशी? त्यावर बाईचे उत्तर असे होते की, आमचा कारभार हाती घ्यायचा आणि आमच्याबद्दल बेखबर राहायचे, हे कसे चालेल?

या उत्तरावर उमर यांच्यापाशी काही बोलायला उरले नाही. ते धावत कोठाराकडे गेले. पिठाचे पोते आणि चरबीचे भांडे घेतले आणि असलमला पोते आपल्या पाठीवर चढवायला सांगितले. असलमने ते स्वतः उचलायची तयारी दाखवली. पण कयामतच्या दिवशी माझे ओझे तू उचलणार नाहीस, अशा अर्थाचे बोलून त्यांनी ते स्वतःच वाहून नेले. चूल फुंकली, धूर दाढीतून निघत होता, असे असलमने पुढे सांगितले आहे. मुले जेवली. तरी खलिफा लगेच निघाले नाहीत. थोड्या अंतरावर बसून राहिले आणि मुले हसत-खेळत झोपी गेल्यावरच उठले.

ही गोष्ट बहुतेकांनी ऐकलेली असते. त्याहून कमी सांगितली जाणारी गोष्ट एका तान्ह्या बाळाची आहे. व्यापाऱ्यांचा एक काफिला मदिनेबाहेर उतरला होता. हजरत उमर आणि अब्दुर्रहमान बिन औफ रात्री पहारा देत होते. एक बाळ सारखे रडत होते. उमर यांनी आईला दोनदा समजावले. तिसऱ्यांदा गेल्यावर ती वैतागली. तिने सांगितले की, मी याचे दूध तोडते आहे, कारण खलिफा उमर फक्त दूध सुटलेल्या मुलांनाच वेतन देतात. बाळ अवघ्या काही महिन्यांचे होते.

नियम उमर यांचाच होता. मदत देण्यासाठी केलेला नियमच बाळाच्या तोंडचे दूध काढून घेत होता. त्या पहाटे फजरची नमाज पढवताना ते इतके रडत होते की, मागच्यांना पठण नीट ऐकू येईना. नमाजनंतर त्यांनी दवंडी पिटवली की, मुलांचे दूध तोडण्याची घाई करू नका, जन्मलेल्या प्रत्येक बाळाला वेतन मिळेल. तसे हुकूम सर्व प्रांतांत गेले. नियमाचा लोकांवर काय परिणाम होतो, हे वहीत दिसत नाही. ते वस्तीत जाऊन पाहावे लागते.

गरजू शोधताना त्यांनी धर्म पाहिला नाही. एका दारात एक अंध म्हातारा भीक मागताना दिसला. तो यहुदी होता. जिझिया कर, गरज आणि म्हातारपण यांमुळे ही वेळ आली, असे त्याने सांगितले. उमर यांनी त्याचा हात धरून त्याला स्वतःच्या घरी नेले, घरातले काही दिले आणि मग बैतुलमालच्या खजिनदाराला निरोप धाडला. या म्हाताऱ्याकडे आणि त्याच्यासारख्या सर्वांकडे लक्ष द्या, असा तो निरोप होता. तरुणपणी कर घ्यायचा आणि म्हातारपणी वाऱ्यावर सोडायचे, हा अन्याय त्यांना मान्य नव्हता. अशांचा जिझिया माफ झाला. शामच्या दौऱ्यात जाबियाजवळ त्यांना कुष्ठरोग झालेले काही ख्रिस्ती लोक भेटले. त्यांनाही सरकारी निधीतून मदत आणि नियमित शिधा सुरू करण्यात आला.

एका रात्री मदिनेबाहेर एका तंबूतून कण्हण्याचा आवाज आला. परगावचा माणूस दाराशी हताश बसला होता, आत बायको बाळंतपणाच्या वेदनांत, आणि जवळ एकही बाई नाही. उमर घरी गेले. पत्नी उम्मे कुलसूम यांना सोबत घेतले. त्या आत गेल्या आणि खलिफा बाहेर चुलीवर अन्न शिजवत बसले. थोड्या वेळाने आतून पत्नीने अमीरुल मोमिनीन अशी हाक मारून मुलगा झाल्याची खबर दिली, तेव्हा कुठे त्या माणसाला आपल्यासाठी चूल फुंकणारा कोण ते कळले.

इ.स. ६३९ मध्ये मोठा दुष्काळ पडला. अरबांच्या इतिहासात हे साल राखेचे साल म्हणून ओळखले जाते. वाळवंटातल्या टोळ्या मदिनेभोवती येऊन पडल्या. उमर यांनी तूप आणि मांस सोडले. तेल खाऊन खाऊन त्यांचा रंग काळवंडला. प्रांतांना पत्रे गेली आणि धान्याचे काफिले येऊ लागले. गावाच्या चारही दिशांना माणसे नेमली गेली. रोज संध्याकाळी ती खलिफांना कुठे काय घडले ते सांगत.

याच काळातली एक नोंद इब्न साद यांच्या ग्रंथात आहे. एका रात्री उमर यांनी सार्वजनिक पंगतीत जेवणाऱ्यांची मोजणी करायला लावली. संख्या भरली सात हजार. मग त्यांनी दुसरी मोजणी सांगितली: आजारी माणसे, बायका, मुले, म्हणजे जे पंगतीपर्यंत येऊच शकले नाहीत, त्यांची. ती संख्या निघाली चाळीस हजार. त्यांच्यासाठी अन्न मुक्कामावर पोहोचवले जाई. पंगतीत आलेल्यांवरून दुष्काळ मोजला असता, तर तो फार लहान दिसला असता. पाऊस पडल्यावर या लोकांना वाटखर्च आणि वाहने देऊन घरी पोहोचवण्यात आले.

आपल्या शहरांतली स्थिती फार वेगळी नाही. मदत नसते असे नाही. धर्मादाय रुग्णालयांत दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखीव असतात. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेच्या रुग्णालयांत मार्गदर्शनासाठी आरोग्यमित्र असतो. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मोफत येते. निराधारांसाठी संजय गांधी योजनेचा अर्ज तहसील कार्यालयात करता येतो. पण अंथरुणाला खिळलेल्या माणसाला, एकट्या विधवेला, अक्षरओळख नसलेल्या म्हाताऱ्याला हे सांगणार कोण? खिडकीवरची रांग सर्वांना दिसते. रांगेत न आलेले कुणालाच दिसत नाहीत. या महिन्यात कुणी जकात काढतो, कुणी फित्रा देतो, कुणी शेजारधर्म म्हणून इफ्तारला फळे पाठवतो. त्यासोबत आपल्या गल्लीतल्या एका माणसाला योग्य दारापर्यंत नेऊन पोहोचवले, कागद भरून दिला, तर ती मदतही लहान नाही.

दारे उघडी राहावीत याबद्दल उमर फार कडक होते. गरजूंसाठी दार बंद करायचे नाही, ही अट सुभेदारांची नेमणूक करतानाच घातली जाई. कूफाच्या सुभेदारांनी बाजाराच्या गलबल्याला कंटाळून वाड्याला फाटक बसवल्याचे कळले, तेव्हा उमर यांनी खास माणूस पाठवून ते जाळून टाकायला लावले.

तरीही गाऱ्हाणी आपल्यापर्यंत पोहोचत नाहीत, ही टोचणी त्यांना अखेरपर्यंत होती. शेवटच्या काळात त्यांनी एक बेत आखला होता. वर्षभर साऱ्या मुलखात फिरायचे, शाम, इजिप्त, बहरैन, कूफा, बसरा अशा प्रत्येक प्रांतात दोन-दोन महिने राहायचे. कारण अधिकारी लोकांच्या अडचणी कळवत नाहीत आणि लोक स्वतः मदिनेपर्यंत येऊ शकत नाहीत. इराकमधल्या विधवांना पुन्हा कुणाचे तोंड पाहावे लागू नये अशी व्यवस्था करण्याचा मनोदयही त्यांनी बोलून दाखवला होता. त्यानंतर चारच दिवसांनी, इ.स. ६४४ मध्ये, फजरच्या नमाजच्या वेळी अबू लुलू या गुलामाने त्यांच्यावर खंजिराने वार केले. मालकाला रोज द्यावी लागणारी रक्कम जड होते, अशी तक्रार घेऊन हाच माणूस पूर्वी त्यांच्याकडे आला होता आणि त्याचे कसब पाहता ती जड नाही, असा निर्णय उमर यांनी दिला होता.

मृत्युशय्येवर त्यांनी मुलगा अब्दुल्लाह यांना आपल्या कर्जाचा हिशेब करायला सांगितले. ते सुमारे ८६ हजार निघाले. घरच्या मालमत्तेतून ते फेडायची सूचना त्यांनी केली. एवढ्या मोठ्या मुलखाचा हा कारभारी डोक्यावर कर्ज घेऊन गेला आणि वर्षभराचा तो दौरा राहूनच गेला.