डॉ. कमलाबाई सोहोनी

मंडळाच्या वर्धापनदिनाच्या या स्मरणिकेसाठी एका थोर स्त्रीचे चरित्र लिहावे असे ठरले, तेव्हा मी डॉ. कमलाबाई सोहोनी यांचे नाव निवडले. माझे शिक्षण सातवीवर थांबलेले. शास्त्रातले मला काय कळणार, असे कोणी म्हणेल. परंतु कमलाबाईंनी जन्मभर जे तपासले ते दूध, डाळी, कडधान्ये आणि बटाटा. हे जिन्नस तर आपल्या रोजच्या हाताखालचे!

कमलाबाई माहेरच्या भागवत. त्यांचा जन्म १८ जून १९११ रोजी इंदूर येथे झाला. वडील नारायणराव व काका माधवराव हे दोघेही बंगळूरच्या टाटा विज्ञानसंस्थेत शिकलेले रसायनशास्त्रज्ञ. विदुषी दुर्गाबाई भागवत या त्यांच्या थोरल्या भगिनी. १९३३ साली मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी. परीक्षेत कमलाबाई पहिल्या आल्या आणि वडिलांच्याच संस्थेत त्यांनी अर्ज केला. तेथे संचालक होते नोबेल पारितोषिक मिळविलेले सर सी. व्ही. रामन. अर्जदार मुलगी आहे, एवढ्याच कारणाने त्यांनी प्रवेश नाकारला.

कमलाबाई स्वस्थ बसल्या नाहीत. बंगळूर गाठून त्यांनी रामनसाहेबांना समक्ष जाब विचारला. अखेर प्रवेश मिळाला, पण तो अटींवर. पहिले वर्ष नुसते पारखण्यापुरते. काम पसंत पडेपर्यंत त्याला मान्यता नाही. आणि त्यांच्यामुळे मुलांचे चित्त विचलित होता कामा नये. बाईंनी अटी मान्य केल्या, तरी तो अपमान त्यांना म्हातारपणापर्यंत सलत राहिला. श्रीनिवासय्या या गुरूंच्या हाताखाली त्यांनी दुधातील व कडधान्यांतील प्रथिनांचा अभ्यास केला. वर्षभरात रामनसाहेबांची खात्री पटली, आणि पुढे त्या संस्थेची दारे इतर मुलींनाही उघडली. १९३६ साली कमलाबाई एम.एस्सी. झाल्या.

नंतर शिष्यवृत्ती मिळवून त्या इंग्लंडात केंब्रिजला गेल्या. तेथे बटाट्यावर काम करताना वनस्पतींच्या पेशींत सायटोक्रोम सी नावाचे प्रथिन असल्याचे त्यांनी दाखविले. हे प्रथिन अगदी लहान व लोहयुक्त असते. विहिरीच्या कामावर बाया घमेली हातोहात पुढे देतात ना, तसे ते पेशीमध्ये विजेचे सूक्ष्म कण एकाकडून घेऊन दुसऱ्याकडे पोचविते, आणि त्यातूनच पेशीला शक्ती मिळते. माणसाच्या अंगात चालते तेच बटाट्याच्याही अंगात चालते, हे वाचून मी तर थक्क झाले. या कामावर १९३९ साली त्यांना केंब्रिजची डॉक्टरेट मिळाली. त्यांचा प्रबंध अवघ्या चाळीस पानांचा होता.

परदेशी न राहता त्या मायदेशी परतल्या. दिल्लीचे लेडी हार्डिंज महाविद्यालय, मग कुन्नूरची पोषण-संशोधन प्रयोगशाळा येथे त्यांनी काम केले. १९४७ साली श्री. मा. वि. सोहोनी यांच्याशी विवाह झाल्यावर त्या मुंबईच्या विज्ञानसंस्थेत आल्या. कच्च्या कडधान्यांत प्रथिने पचू न देणारे द्रव्य असते, त्यावर त्यांनी व त्यांच्या विद्यार्थ्यांनी संशोधन केले. शिजविल्याने त्याचा जोर बराचसा जातो. कडधान्य नीट भिजवून मऊ शिजवावे, हा सासूबाईंचा हट्ट किती शहाणपणाचा होता, ते मला तेव्हा उमगले. आपली कळण्याची भाकरीही तशीच. ज्वारीच्या प्रथिनात जे उणे असते ते उडीद भरून काढतो.

राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून त्यांनी ताडामाडाच्या ताज्या नीरेचा अभ्यास केला. आदिवासी मुले व गरोदर स्त्रिया यांना ती दिल्यावर त्यांची प्रकृती सुधारली. या कामाबद्दल त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. विज्ञानसंस्थेच्या संचालकपदासाठी मात्र त्यांना काही वर्षे ताटकळावे लागले. अखेरीस ते मिळाले. पुढे ग्राहक चळवळीत राहून अन्नातील भेसळ कशी ओळखावी हे त्यांनी गृहिणींना समजावून सांगितले. १९९८ साली दिल्लीस त्यांचा सत्कार ठेवला होता. त्या समारंभातच त्या कोसळल्या आणि थोड्याच दिवसांत, २८ जून रोजी, निवर्तल्या.

भगिनींनो, कमलाबाईंच्या पाठीशी शिकलेले वडील होते, तरीही त्यांना दारात अडविले गेले. मग आपल्या मुलींचे काय? आपल्याच तालुक्यात पाटणला भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकविण्यासाठी त्यांच्या नातवाने मठ स्थापिला होता, त्याचा शिलालेख तेथे आहे. अशा तालुक्यात एस.टी.चा प्रवास नको म्हणून दहावीनंतर मुलीचे नाव काढले जाते, याचे मला वाईट वाटते. कोणाच्या घरी असा विचार चालला असेल, तर मंडळातील दोघीतिघींनी त्या घरी जावे, आईशी व आजीशी बोलावे, आणि लागल्यास प्रवेशाच्या दिवशी मुलीबरोबर कॉलेजात जावे. नव्या वर्षात आपण एवढे केले, तरी हे चरित्र लिहिल्याचे मला समाधान वाटेल.