हिप्परग्याचे हेडमास्तर

लातूर-नांदेड एसटीने येणाऱ्या प्रत्येकाने विष्णुपुरीजवळ रस्त्यालगतचा तो बोर्ड पाहिलेला असतो : स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ. मी फर्स्ट इयरपासून तो बघते आहे. आता खरं सांगते, हसू नका. पहिली दोन वर्षं मला वाटायचं की हे कुठल्यातरी मठाचे मोठे महाराज असतील, त्यांनी जमीन दान दिली असेल, म्हणून विद्यापीठाला नाव दिलं असेल. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. तिथे नेपोलियन कुठे जन्मला ते पाठ करून घेतलं, पण आपण जिथे राहतो तो भाग 15 ऑगस्ट 1947 ला स्वतंत्रच झाला नव्हता, हे मला नीट कळलं ते होस्टेलला आल्यावर. 17 सप्टेंबरला झेंडावंदनाला बोलावलं तेव्हा मी रूममेटला विचारलं की आज काय आहे. ती माझ्याकडे बघतच राहिली! ती मुखेड तालुक्यातली, जिल्हा परिषदेच्या शाळेतली. तिला सगळं ठाऊक होतं.

त्या लाजेपोटी मी लायब्ररीतून पुस्तकं आणली आणि वाचत गेले. वाचता वाचता लक्षात आलं की या माणसाची ओळख आपण स्वातंत्र्यसैनिक म्हणून करून देतो, ती बरोबरच आहे, पण अर्धीच आहे. हा माणूस आधी मास्तर होता आणि नंतरही त्याच्यातला मास्तर कधी सुटला नाही. मला त्या मास्तरबद्दल लिहायचं आहे.

त्यांचं मूळ नाव व्यंकटेश खेडगीकर. जन्म 3 ऑक्टोबर 1903 चा, आज कर्नाटकात असलेल्या विजापूर जिल्ह्यातल्या सिंदगी गावचा. शिक्षणासाठी ते सोलापूरला होते. 1 ऑगस्ट 1920 ला लोकमान्य टिळक गेले. सतरा वर्षांचंही पूर्ण वय नाही, आणि या मुलाने ठरवून टाकलं की लग्न करायचं नाही, देशाचं काम करायचं. आपण सतरा वर्षांचे असताना काय ठरवत होतो ते आठवून बघा. मी तर कुठला क्लास लावायचा एवढंच ठरवत होते, आणि तेही पप्पांनीच ठरवलं.

मग असहकाराची चळवळ आली. गांधीजींनी सरकारी शाळा-कॉलेजं सोडायला सांगितलं, व्यंकटेशने सोडली. पण शाळा सोडली म्हणून शिक्षण सोडलं नाही. त्या काळात सरकारी शिक्षणाला पर्याय म्हणून राष्ट्रीय शाळा आणि विद्यापीठं निघाली होती. त्यातून शिकत शिकत पुण्याच्या टिळक महाराष्ट्र विद्यापीठाची एम.ए. पदवी त्यांनी मिळवली. नोकरीच्या बाजारात या पदवीला किंमत नव्हती. तरीही ती घेण्याइतका अभ्यास त्यांना महत्त्वाचा वाटला. पुढे ते कामगार नेते ना. म. जोशी यांच्याबरोबर काम करू लागले. मुंबईतल्या कामगारांचं जगणं त्यांनी जवळून पाहिलं. प्रकृती बिघडली आणि ते काम सोडावं लागलं.

तिथून 1929 मध्ये ते आले थेट हिप्परग्याला. हे गाव आजच्या धाराशिव जिल्ह्यात लोहारा तालुक्यात आहे, तेव्हा निजामाच्या राज्यात होतं. तिथे 1921 पासून एक राष्ट्रीय शाळा चालू होती. व्यंकटेश खेडगीकर तिचे हेडमास्तर झाले.

आता इथे जरा थांबून त्या वेळची शिक्षणाची स्थिती सांगायला हवी, नाहीतर एका खेड्यातल्या शाळेत एवढं काय विशेष, असं वाटेल. हैदराबाद संस्थानात मराठी, तेलुगू आणि कन्नड बोलणारे लोक बहुसंख्य होते. राज्यकारभाराची भाषा मात्र उर्दू होती. लहान वर्ग कुठे कुठे मातृभाषेत असत, पण वर चढत गेलं की माध्यम उर्दू. 1918 साली हैदराबादला उस्मानिया विद्यापीठ निघालं. भारतीय भाषेतून उच्च शिक्षण देण्याचा तो मोठाच प्रयोग होता, आणि त्या विद्यापीठाने शास्त्राची, इंजिनीअरिंगची पुस्तकंसुद्धा उर्दूत आणली. हे मान्यच करायला हवं. पण ती भाषा मराठवाड्यातल्या शेतकऱ्याच्या पोराची नव्हती. म्हणजे पहिल्या पायऱ्या एका भाषेत आणि वरच्या दुसऱ्या. मधल्या ठिकाणी जो पाय घसरायचा तो घसरायचाच. आमच्या घरी पणजोबांचं शाळेचं एक प्रमाणपत्र जपून ठेवलेलं आहे. ते उर्दूत आहे. आज घरातल्या एकालाही ते वाचता येत नाही. लहानपणी मला ती गंमत वाटायची. आता वाटत नाही.

अशा राज्यात मराठीतून शिकवणारी, सरकारच्या आधाराशिवाय चालणारी शाळा म्हणजे सरकारच्या डोळ्यात खुपणारच. हिप्परग्याच्या शाळेत मुलांना अभ्यासाबरोबर देशाचा विचार मिळत होता. तिथल्या शिक्षकांपैकी बाबासाहेब परांजपे पुढे स्वामीजींचे जन्माचे सहकारी झाले. याच हिप्परग्यात 14 जानेवारी 1932 ला व्यंकटेश खेडगीकरांनी संन्यास घेतला आणि ते स्वामी रामानंद तीर्थ झाले. स्वामी रामतीर्थांच्या विचारांचा त्यांच्यावर खोल ठसा होता. आपल्या माहितीसाठी सांगते, हे रामतीर्थ संन्यासापूर्वी लाहोरला गणिताचे प्राध्यापक होते! तेव्हा एम-थ्रीला कंटाळून संन्यास घ्यावासा वाटणाऱ्यांनी निराश होऊ नये, परंपरा जुनी आहे.

पण गंमत अशी की यांनी संन्यास घेतला आणि हिमालयात गेले नाहीत. दुसऱ्या दिवशीही शाळा होतीच. भगवी वस्त्रं घातलेला हेडमास्तर वर्गात उभा राहिला. माझ्या मते त्यांचा सगळा स्वभाव या एका गोष्टीत आला.

1935 मध्ये ते अंबाजोगाईला आले. तेव्हा त्या गावाचं सरकारी नाव मोमिनाबाद होतं. परांजप्यांसारखे सहकारी घेऊन त्यांनी योगेश्वरी नूतन विद्यालयाचं काम उभं केलं. म्हणजे बघा, खेड्यातली शाळा ही एक पायरी झाली, तालुक्याच्या गावचं हायस्कूल ही दुसरी. या शाळांतून आणि त्यांच्या वसतिगृहांतून जी पोरं बाहेर पडली त्यातली कितीतरी पुढे मुक्तिसंग्रामात उतरली.

शाळा चालवता चालवताच त्यांच्या लक्षात आलं असावं की नुसती शाळा चालवून भागणार नाही. ज्या राज्यात सभा घ्यायला परवानगी लागते, तिथे शाळेचं भवितव्यही एका हुकमावर टांगलेलं असतं. महाराष्ट्र परिषदेच्या कामातून ते राजकारणात आले. 1938 मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेस स्थापन होण्याआधीच निजाम सरकारने तिच्यावर बंदी घातली. ऑक्टोबरमध्ये सत्याग्रह सुरू झाला आणि स्वामीजी तुरुंगात गेले.

त्याच वर्षाच्या अखेरीला जे घडलं ते आपण होस्टेलवाल्यांनी तरी विसरू नये. औरंगाबादच्या कॉलेजातले आणि उस्मानियाच्या होस्टेलमधले विद्यार्थी प्रार्थनेत वंदे मातरम् म्हणत. त्यावर बंदी आली. मुलांनी ऐकलं नाही. त्यांना होस्टेलमधून काढलं, मग कॉलेजमधूनही काढलं. शेकडो मुलांचं वर्ष नव्हे, अख्खं शिक्षणच धोक्यात आलं. तेव्हा नागपूर विद्यापीठाने आणि तिथले कुलगुरू केदार यांनी त्यांना प्रवेश दिला. या मुलांपैकी एक पुढे देशाचे पंतप्रधान झाले, पी. व्ही. नरसिंह राव. आपल्याकडे मेसच्या भाजीवरून झालेल्या बहिष्काराची हकीकत चार बॅचेस सांगत राहतात, म्हणून ही आठवण मुद्दाम करून दिली.

पुढची हकीकत बऱ्याच जणांना माहीत आहे. 1946 मध्ये स्टेट काँग्रेसवरची बंदी उठली. देश स्वतंत्र होत असताना निजामाने वेगळं राहायचं ठरवलं. 7 ऑगस्ट 1947 हा दिवस भारतात विलीन होण्याच्या मागणीसाठी पाळला गेला. 15 ऑगस्टला सगळा देश झेंडे लावत होता आणि स्वामीजींना हैदराबादमध्ये अटक झाली. मधला थोडा काळ सोडला तर ते तुरुंगातच होते. बाहेर रझाकारांचे अत्याचार चालले होते आणि सीमेवरच्या कॅंपांमधून मराठवाड्याची तरुण पोरं लढत होती. 13 सप्टेंबर 1948 ला भारतीय सैन्य संस्थानात शिरलं, 17 सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली, आणि स्वामीजी सुटले.

इथे बहुतेक चरित्रं संपत येतात. मला मात्र यापुढचा भाग जास्त विचार करायला लावणारा वाटला. लढा जिंकलेला नेता काय करतो? मंत्री होतो, असं आपण गृहीत धरतो. स्वामीजी 1952 मध्ये गुलबर्ग्याहून आणि 1957 मध्ये औरंगाबादहून लोकसभेवर निवडून गेले, पण मंत्रिपदाच्या मागे लागले नाहीत. आणि त्याआधी, मुक्तीनंतर दोनच वर्षांत, 1950 मध्ये, त्यांनी नांदेडला नांदेड एज्युकेशन सोसायटी स्थापन करून पीपल्स कॉलेज सुरू केलं. शाळा, हायस्कूल आणि आता कॉलेज. तिसरी पायरी बसली.

त्याच 1950 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादला, आजच्या छत्रपती संभाजीनगरला, मिलिंद महाविद्यालय सुरू केलं. नावातल्या पीपल्समुळे दोन्हींचा घोटाळा होतो, माझाही झाला होता. संस्था वेगवेगळ्या, पण दोघांनाही एकाच वेळी एकच गोष्ट दिसली होती. नुसतं राज्य बदलून भागत नाही, खेड्यातल्या मुलाला पदवीपर्यंत जायला रस्ता लागतो. तो नसेल तर स्वातंत्र्य हैदराबादहून मुंबईला बदली झाल्यासारखं होतं, आपल्या गावाला त्याचा पत्ता लागत नाही.

त्या रस्त्याने कोण आलं हे बघायचं तर नरहर कुरुंदकरांचं नाव घ्यावं लागेल. कुरुंदा गावचा हा माणूस इंटरला एकदा नव्हे, अनेकदा नापास झाला. बॅकलॉगवाल्यांनी ही ओळ दोनदा वाचावी. नांदेडच्या प्रतिभा निकेतन शाळेत शिक्षक, मग पीपल्स कॉलेजात प्राध्यापक आणि पुढे तिथलेच प्राचार्य, असा त्यांचा प्रवास झाला. अख्खा महाराष्ट्र त्यांची व्याख्यानं ऐकायला गर्दी करत असे. असा माणूस नांदेडमध्ये राहून वाढला, त्याला इथे जागा मिळाली, हे त्या पायऱ्यांमुळेच.

1958 मध्ये मराठवाडा विद्यापीठ निघालं. तोपर्यंत इथल्या कॉलेजांची पदवी हैदराबादच्या उस्मानियाची असे. स्वामीजी 1962 मध्ये राजकारणातून बाजूला झाले आणि 22 जानेवारी 1972 ला हैदराबादला वारले. तिथेच बेगमपेठला त्यांची समाधी आहे. नांदेडला त्यांच्या नावाचं विद्यापीठ झालं ते 17 सप्टेंबर 1994 ला. तारीख बघा. मुक्तिदिनाचीच.

आता थोडं आपल्याबद्दल. आमच्या वेळी मुलांना पहिलीपासून पदवीपर्यंत रस्ता आहे का? शाळा आहेत, कॉलेजं आहेत, लातूरला तर राज्यभरातून मुलं येतात. पण रस्ता सलग आहे का, याबद्दल मला शंका आहे. माझी रूममेट दहावीपर्यंत मराठीत शिकली, शाळेत पहिली आली. अकरावीला एका उन्हाळ्यात बलाचं फोर्स झालं. तिथून ती कशीबशी सावरली. इंजिनीअरिंगच्या पहिल्या व्हायवाला तिला उत्तर येत होतं, हे मला पक्कं माहीत आहे, कारण आदल्या रात्री तिनेच मला ते समजावलं होतं, मराठीत. मी मोडक्या-तोडक्या समजुतीवर चटचट इंग्रजी बोलून पास झाले. ती गप्प उभी राहिली. त्या सेमिस्टरला तिचे चार विषय राहिले आणि दिवाळीला घरी गेली ती परत यायचं नाही असं ठरवून. चार दिवस आम्ही फोन करत होतो. आली एकदाची.

मी इंग्रजीच्या विरोधात नाही. माझी रोजीरोटी त्यावरच चालणार आहे. 2021 पासून एआयसीटीईने मराठीतून इंजिनीअरिंगला परवानगी दिली आहे, तरी उद्याची नोकरी, मॅन्युअल, सॉफ्टवेअर इंग्रजीतच असणार. स्वामीजींनीही उर्दूचा द्वेष शिकवला नाही. त्यांचं आयुष्य मराठी, कन्नड, उर्दू बोलणाऱ्या माणसांतच गेलं. त्यांचं सांगणं मला एवढंच दिसतं की मूल जिथे उभं आहे तिथूनच पायरी सुरू झाली पाहिजे. पणजोबांच्या वेळी ती मधेच तुटायची, रूममेटच्या वेळीही तुटली. फक्त भाषेचं नाव बदललं.

म्हणून एक छोटी गोष्ट सुरू केली आहे. या वर्षी आम्ही पाच जणी शनिवारी रात्री मेसनंतर रीडिंग रूममध्ये फर्स्ट इयरच्या मुलींना एम-वन आणि मेकॅनिक्स मराठीतून समजावतो, आणि मग तेच उत्तर इंग्रजीत मोठ्याने बोलायचा सराव करून घेतो. समजावण्याचं काम अर्थात माझ्या रूममेटकडे आहे, बोलायच्या सरावाचं माझ्याकडे. मुलांच्या होस्टेलवरही कुणी हे सुरू करावं. आणि आमच्या सरांना, मॅडमना एक विनंती, व्हायवाला एखादी मुलगी गप्प उभी राहिली तर एकदा तोच प्रश्न मराठीत विचारून बघा.

विष्णुपुरीचा तो बोर्ड आता एसटीतून दिसला की मला मठ दिसत नाही. खेड्यातल्या शाळेत भगव्या कपड्यात फळ्यासमोर उभा असलेला हेडमास्तर दिसतो.