बापूंची कवळी

१९४२ च्या जूनमध्ये अमेरिकन पत्रकार लुई फिशर आठवडाभर सेवाग्रामला राहिले, तेव्हा गांधीजींची एक सवय त्यांच्या नजरेत भरली. जेवणापुरती कवळी लावायची आणि जेवण झाले की चारचौघांत काढून धुऊन ठेवायची. संकोचाचे नाव नाही!

वास्तविक शरीराची एवढी निगराणी क्वचितच कोणी केली असेल. १९२९ साली त्यांनी कच्च्या अन्नाचा प्रयोग केला, त्यात बदामही वाटून आणि पालेभाजीही कुटून घेतलेली असे. १९३० साली येरवड्याच्या तुरुंगात काका कालेलकर त्यांच्यासाठी कडुनिंबाचे दातण आणत. वापरलेले टोक कापून तीच काडी सुकेपर्यंत पुरवायची, असा बापूंचा दंडक. १९३६ च्या एप्रिलअखेर ते शेगावला, म्हणजे पुढच्या सेवाग्रामला, राहायला गेले तेव्हा वय होते सहासष्ट.

त्या पिढीत दात किडला की चांदी भरत. पण चांदी दाताला चिकटत नाही. ती अडकून राहावी म्हणून खड्डा आतून रुंद कोरायचा, म्हणजे किडीबरोबर चांगला दातही जायचा. पुढे उरे ते उपटणे आणि कवळी.

गांधीजी १९४८ साली गेले. १९५५ मध्ये अमेरिकेत मायकेल बुओनोकोर यांनी दाताच्या वरच्या कवचाला, एनॅमलला, फॉस्फरिक आम्ल लावून ते खडबडीत केले आणि त्यावर राळ पक्की धरली. आतले डेंटिन मात्र दाद देईना. त्यात हजारो सूक्ष्म नळ्या, त्यांतून सतत पाझर. ओल्या भिंतीला रंग कसा धरणार? १९८२ साली जपानच्या नोबुओ नाकाबायाशी यांनी दाखवले, की आम्लाने खनिज निघाल्यावर मागे राहणाऱ्या कोलॅजनच्या जाळीत राळ मुरली, तर दोहोंची घट्ट गुंफण होते. दाताच्या रंगाचे आजचे फिलिंग डेंटिनला धरून राहते ते याच गुंफणीवर.

वर्ध्याजवळ सावंगी मेघेला १९९१ मध्ये दंत महाविद्यालय निघाले. दंतवैद्यकाच्या प्रयोगशाळांत उपटलेले दात टाकून देत नाहीत (बापूंना हे आवडले असते). त्यांचे डेंटिन उघडे करून त्यावर कॉम्पोझिटचा छोटा खुंट चिकटवतात आणि तो तुटेपर्यंत यंत्राने जोर लावतात. चांगला सांधा दर चौरस मिलिमीटरला दोन किलोंच्या आसपास भार सोसतो. मग तसेच दात काही महिने पाण्यात ठेवून पुन्हा मोजतात, कारण तोंडातल्या ओलीने हा सांधा हळूहळू सैलावतो.