जेम्स प्रेस्कॉट जूल : हानीचा हिशेब ठेवणारे शास्त्रज्ञ

पदार्थविज्ञानाच्या वर्गांत ‘जूल’ हें ऊर्जेचें माप आम्ही नित्य उच्चारतों. परंतु ज्या पुरुषाचें तें नांव, त्यांच्या चरित्राकडे आमचें लक्ष क्वचितच जातें.

जेम्स प्रेस्कॉट जूल ह्यांचा जन्म २४ डिसेंबर १८१८ रोजीं इंग्लंडांत मँचेस्टरला लागून असलेल्या सॅल्फर्ड गांवीं झाला. वडिलांचा बीअरचा कारखाना होता. मुलाची प्रकृति नाजूक होती. शिक्षण घरींच झालें. अणुवादाचे प्रणेते जॉन डाल्टन ह्यांच्यापाशीं शिकण्याचें भाग्य मात्र त्यांस लाभलें. प्राध्यापकाची जागा त्यांस कधींच मिळाली नाहीं. कारखान्याचें काम सांभाळून ते प्रयोग करीत.

तारेंतून विजेचा प्रवाह गेला कीं तार तापते. १८४० सालीं जूल ह्यांनीं ह्या उष्णतेचें मोजमाप केलें. प्रवाह दुप्पट झाला तर उष्णता चौपट होते, असें त्यांना आढळलें. ही उष्णता येते कोठून? उतरत्या वजनांच्या जोरावर त्यांनीं पाण्यांत वल्ह्यांचें चाक फिरविलें आणि पाणी किती तापलें तें अत्यंत बारकाईनें मोजलें. एक पौंड पाण्याचें तापमान फॅरनहाइटच्या एका अंशानें वाढविणारी उष्णता, ७७२ पौंड वजन एक फूट खालीं येतांना होणाऱ्या कामाइतकी असते, असा त्यांचा १८५० सालचा निष्कर्ष होता. घर्षणांत जें काम नाहींसें झालेंसें वाटतें, तें उष्णतेच्या रूपानें शिल्लकच असतें.

आरंभीं विद्वानांनीं त्यांची उपेक्षा केली. १८४७ सालीं ऑक्सफर्डच्या सभेंत विल्यम टॉम्सन, म्हणजे पुढील लॉर्ड केल्व्हिन, ह्यांनीं त्यांच्या कार्याचें महत्त्व ओळखलें. टॉम्सन ह्यांनीं १८५२ सालीं त्यांत एक गंभीर सत्य जोडलें : पसरलेली उष्णता मनुष्यास पुन्हां पूर्णपणें कामास लावतां येत नाहीं.

दूर वीज नेणाऱ्यांस जूल ह्यांचा नियम मार्गदर्शक झाला. विजेचा दाब दसपट केल्यास तेवढ्याच शक्तीसाठीं प्रवाह एकदशांश पुरतो, आणि त्याच तारेंतील हानि शंभराव्या हिश्शावर येते. १९१५ सालीं खोपोलीहून मुंबईस वीज येऊं लागली, ती अशा उच्च दाबानेंच.

हानि दुसऱ्या प्रकारचीहि असते. आज यंत्रावर चित्र थोड्या जागेंत बसवितांना पुष्कळदां बारकावे गाळतात. गाळलेला बारकावा त्या लहान केलेल्या चित्रांतून परत मिळत नाहीं. येथें हानि म्हणजे खरोखरच गमावणें.

अशी हानि जूल ह्यांच्या घरींहि झाली. १८५४ सालीं त्यांची पत्नी अमीलिया व नुकतेंच जन्मलेलें बाळ ह्यांस मृत्यूनें नेलें. दोन लहान मुलें मागें राहिलीं. ह्या हानीची भरपाई कोणत्याहि समीकरणांत नव्हती. तरी त्यांनीं शोधाचें काम सोडलें नाहीं. १८७८ सालीं, साठीच्या उंबरठ्यावर, त्यांनीं तोच अंक पुन्हां तपासून ७७२.५५ असा निश्चित केला.

११ ऑक्टोबर १८८९ रोजीं त्यांचा अंत झाला. त्यांच्या समाधिशिलेवर तोच अंक कोरलेला असून, दिवस आहे तोंवर काम करावें ह्या अर्थाचें योहानाच्या शुभवर्तमानांतील एक वचनहि आहे. आमच्या विद्यार्थ्यांनीं वेळेचा हिशेब असाच चोख ठेवावा. गेलेली घटका कोणत्याहि रूपानें परत मिळत नाहीं.